करवतीपाशी उभे राहण्याचे वय

माझा दवाखाना भोसरीच्या औद्योगिक वसाहतीलगत आहे. तेथील लहान कारखान्यांतून लोखंडी बार व पाइप कापण्यासाठी बँडसॉ हमखास असतो. दोन चाकांवरून अखंड फिरणारी दात्यांची पोलादी पट्टी, एवढेच त्याचे स्वरूप. लेथच्या मानाने ते काम सोपे भासते, म्हणून पुष्कळदा ते घरातील ज्येष्ठांच्या वाट्याला येते. वडिलांना आपण अजून उपयोगी आहोत असे वाटते, मुलांना वडील गुंतलेले राहतात याचे समाधान असते. दोन्ही भावना खऱ्या आहेत. म्हणून 'काम बंद करा' असे मी सरसकट सांगत नाही. आधी काही गोष्टी विचारतो.

पहिली गोष्ट औषधांची. अँजिओप्लास्टी झालेले एक चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ हात कापून घेऊन आले. यंत्र बंदच होते. नव्या ब्लेडची गुंडाळी सोडताना ती स्प्रिंगसारखी उसळली होती. जखम मोठी नव्हती, पण रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू असल्याने रक्त थांबेना. अशा वेळी स्वच्छ कापड निदान १० मिनिटे न उचलता घट्ट दाबून धरावे व दवाखाना गाठावा. गोळ्या मात्र मनाने बंद करू नयेत. धनुर्वाताची लस घेऊन १० वर्षे झाली असतील तर तीही घ्यावी. सर्दीच्या काही गोळ्यांनी झापड येते. त्या घेतल्या असतील त्या दिवशी यंत्राजवळ जाऊच नये.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. कणाने डोळा खुपला तर चोळू नये. डोळ्यात पूर्वी कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर एमआरआयपूर्वी ते अवश्य सांगावे. आत राहिलेला कण चुंबकाने हलून इजा करू शकतो. तिसरी गोष्ट पायांची. मधुमेहाने तळव्यांची संवेदना गेली असेल, तर चपलेत शिरलेला कीस कळत नाही आणि जखम चिघळते. चष्मा, कानांचे रक्षक व बंद बूट यांना पर्याय नाही.

आता यंत्राची निगा. ब्लेड बदलण्याचे काम ज्येष्ठांनी एकट्याने करू नये. मेन स्विच बंद करून, जाड हातमोजे व चष्मा घालून दोघांनी करावे. यंत्र चालू असताना मात्र हातमोजे नकोत. ते दात्यांत ओढले जातात. कीस चालत्या यंत्रावर हाताने काढू नये. यंत्र थांबवून ब्रशने झाडावा. कूलंटला कुजका वास आला तर टाकी धुऊन ते बदलावे, कारण त्यात जंतू वाढतात. हातांना खाज वा भेगा असतील तर कूलंटचा संबंध डॉक्टरांना सांगावा. काम संपल्यावर ब्लेडचा ताण सैल करावा.

त्या गृहस्थांच्या मुलाने मला विनवले, "डॉक्टर, तुम्हीच मनाई करा." मी दोघांना समोर बसवले. वडिलांची खरी विद्या हातांत नव्हती, नजरेत होती. कीस भुकटीसारखा पडला तर फीड कमी, निळसर जाड पडला तर फीड जास्त, सैल वेटोळ्यांचा पडला तर काप योग्य. निदान तीन दाते धातूत असावेत, म्हणून पातळ पाइपला बारीक दात्यांचे ब्लेड. नव्या ब्लेडचे पहिले काप हलक्या फीडने घ्यावेत. हे सारे त्यांना मुखोद्गत होते, मुलाला नव्हते. ठरले असे, की जॉब बांधणे व ब्लेड चढवणे मुलाने करायचे, वडिलांनी खुर्चीवर बसून कीस पाहायचा आणि चूक दाखवायची.

वाचकहो, तोल जाणे, हात कापणे, विसर पडणे यांपैकी काहीही सुरू झाले, की यंत्राचा स्विच दुसऱ्याच्या हाती द्यावा. मात्र ज्येष्ठांचा सल्ला घेणे थांबवू नये. हातांना निवृत्ती देता येते. जाणतेपणाला देण्याचे कारण नाही.