पेल्यातील मोह

धर्मगुरूने मद्याच्या चवीविषयी लिहावे, हे काही वाचकांस रुचणार नाही याची आम्हांस जाणीव आहे. आजवर या विषयावर आम्ही जे बोललो ते प्रवचनपीठावरून बोललो आणि ते सारे निषेधाचेच होते. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला मिताचार या सद्गुणावर घेतलेले टिपण अद्याप आमच्या कपाटात आहे. मद्य हे स्वतः पाप नव्हे. त्याचा अतिरेक हे पाप, अशी दोन वाक्ये त्यात स्वच्छ अक्षरांत लिहिलेली आहेत. गेल्या पंचवीस-सव्वीस वर्षांत त्यांतील दुसरे वाक्य आम्ही शेकडो वेळा उच्चारले. पहिले उच्चारण्याचा प्रसंग आम्ही शिताफीने टाळीत आलो. गेल्या जानेवारीत रोह्यात तो आमच्यापुढे उभा राहिला.

आमचा मुक्काम पेणला असतो. रोह्यातील मोजक्या कॅथॉलिक कुटुंबांच्या भेटीस आम्ही महिन्यातून एकदा आगगाडीने जातो. त्यांपैकी एक गृहस्थ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनतज्ज्ञ म्हणून आयुष्य घालवून निवृत्त झालेले आहेत. नाताळाला त्यांचा मुलगा बंगळूरहून आला होता. जाताना तो वडिलांसाठी एक बाटली ठेवून गेला. जेवणापूर्वी ती टेबलावर आली.

“फादर, आज नाही म्हणायचे नाही. पिण्यासाठी नव्हे, पारखण्यासाठी घ्या,” ते म्हणाले.

आम्ही ओशाळलो खरे, परंतु नाही म्हटले नाही.

बाटली बंगळूरच्या ‘अमृत’ या भट्टीची होती. जगदाळे कुटुंबाने १९४८ मध्ये ती स्थापन केली. आडनाव मराठी कानांस परके वाटू नये असेच. २००४ मध्ये या मंडळींनी आपली सिंगल माल्ट व्हिस्की प्रथम विक्रीस नेली ती थेट ग्लासगोला, म्हणजे व्हिस्कीच्या माहेरी. आमच्यापुढे होती ती ‘इंटरमीडिएट शेरी’, २०१० मध्ये प्रथम निघालेली. लेबलावर मद्यार्काचे प्रमाण ५७.१ टक्के छापले होते.

आमच्या स्नेह्यांतील रसायनतज्ज्ञ तो आकडा पाहून खुलला. ब्रिटिशांची जुनी ‘प्रूफ’ मोजणी होती, तिचे शंभर अंश म्हणजे जवळजवळ हेच प्रमाण. मद्यात भिजवलेली बंदुकीची दारू तरीही पेटली, तर ते मद्य कसोटीस उतरले, अशी त्यामागची कथा सांगतात. आपल्याकडील दुकानांतून मिळणारी नेहमीची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असते. ते त्याच मोजणीचे पंचाहत्तर अंश. तिच्यात बहुधा उसाच्या मळीचा किंवा अन्य धान्याचा मद्यार्क मिसळलेला असतो. सिंगल माल्टचे तसे नाही. जवाला मोड आणून, तो वाळवून, आंबवून, एकाच ठिकाणी तांब्याच्या भांड्यांत गाळायचा आणि मग वर्षानुवर्षे ओक लाकडाच्या पिंपांत निजवायचा. या व्हिस्कीचे मुक्काम तीन. आधी अमेरिकन बर्बन साठवलेली पिंपे, मग स्पेनच्या हेरेझ प्रांतातील शेरी या द्राक्षमद्याने मुरलेली पिंपे आणि अखेर पुन्हा बर्बनची. रंग आणि सुक्या फळांचा गंध येतो तो या मधल्या मुक्कामातून.

पिंपातून दरवर्षी काही भाग हवेत उडून जातो. त्यास व्हिस्कीवाले ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत तो वर्षाला सुमारे दोन टक्के. बंगळूरच्या हवेत दहा-बारा टक्क्यांपर्यंत जातो.

“फादर, इकडच्या देवदूतांना तहान जास्त का?” आमच्या स्नेह्यांनी मिश्किलपणे विचारले. ईशज्ञानाच्या पुस्तकांत याचे उत्तर आम्हांस आढळलेले नाही.

पेला नाकाशी नेला तेव्हा प्रथम केवळ धग जाणवली. डोळ्यांत पाणी आले. पहिल्या घोटाने जीभ बधिर झाली आणि ऊब छातीपर्यंत उतरत गेली. मग त्यांनी चमच्याने पाण्याचे काही थेंब पेल्यात सोडले आणि थांबावयास सांगितले. पाण्याने मद्यार्काचा जोर उतरतो आणि दबलेले गंध मोकळे होतात, असे ते म्हणाले. आम्ही थांबलो. संत्र्याची वाळलेली साल, जायफळ, नाताळच्या केकसाठी रममध्ये भिजत घातलेल्या मनुका असे गंध एकामागून एक ओळख देऊ लागले. दुसरा घोट गोडसर लागला. त्यामागे लाकडाचा किंचित तुरटपणा होता आणि तो जिभेवर बराच वेळ टिकला. आम्हांस ही व्हिस्की आवडली. हे लिहिताना लेखणी अडखळते, पण ते खरे आहे.

तथापि त्या गंधात आणखी काही होते, त्याचे नाव आम्हांस सापडेना. मनुकेसारखे, पण रानटी. उग्र आणि गोड. तिसऱ्यांदा पेला नाकाशी नेला आणि ओळख पटली. ती सुकवलेली मोहाची फुले होती.

पेण तालुक्यातील एका कातकरी वाडीत काही वर्षांपूर्वी चैत्रात एका म्हातारीने आमच्या ओंजळीत ती फुले घातली होती. पहाटे झाडाखाली पडतात, मुलेबाळे वेचतात, अंगणात वाळली की अगदी मनुकेसारखी दिसतात. तिची सासू त्यांची दारू गाळीत असे, असे तिने हलक्या आवाजात सांगितले होते. देवाच्या कार्यात पहिला थेंब धरतीला, मग माणसांना. ती चव ठाऊक असलेले वाडीत आता आपण एकटेच, असेही ती म्हणाली होती. तेव्हा आम्ही फुले परत केली आणि व्यसनमुक्तीवर चार शब्द बोललो. फुलांचा वास घ्यावा, हे आम्हांस सुचले नव्हते.

या विस्मरणास इतिहासही आहे. मुंबई सरकारने १८९२ मध्ये मोहाच्या फुलांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत ती फुले गोळा करण्यावर व बाळगण्यावर निर्बंध घातले. अबकारीचे उत्पन्न बुडू नये, हा त्यातील हेतू. १९८१ पासून ज्यास आपण रायगड म्हणतो, तोच हा कुलाबा. दारात पडलेले फूल उचलणे हा गुन्हा ठरला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. फुले गोळा करण्याची, बाळगण्याची व वाहून नेण्याची मोकळीक महाराष्ट्र शासनाने दिली ती २०२१ मध्ये. परवान्यावाचून गाळणे आजही गुन्हाच आहे. शेजारच्या गोव्यात काजूच्या फेणीस २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिचा मान वाढला. कुलाब्याच्या मोहाच्या वाट्यास असा मान आला नाही. मोह गेला, तहान मात्र राहिली. आज वाड्यांतून येते ती काळा गूळ आणि नवसागर घालून घाईघाईने गाळलेली गावठी. तिला गंध घेण्यासाठी कोणी नाकाशी नेत नाही. नाक दाबूनच ती घशाखाली ढकलतात. त्या दारूने गेलेल्या तरुणांच्या घरी आम्ही सांत्वनास बसलो आहोत; तिच्याविषयी गोड बोलणे आम्हांस शक्य नाही.

परतीच्या गाडीत आम्हांस एक जुने उत्तर आठवले आणि स्वस्थता गेली. पेणजवळच्या एका वीटभट्टीवर आम्ही संध्याकाळी मुलांचा वर्ग घेतो. दिवाळीनंतर वाड्या ओस पडतात आणि पावसाळ्यापर्यंत कुटुंबे भट्टीवर राहतात. मागील वर्षी तेथील एका बाईने आम्हांस विचारले होते, “फादर, तुमी पिता काय?” आणि आम्ही तत्काळ उत्तरलो होतो, “नाही.” वेदीवरील द्राक्षारसाचा प्रश्नच नव्हता. परंतु सणासुदीला स्नेह्यांकडे घेतलेला पेला होता, वाईन होती. उपदेशाचा परिणाम कमी होऊ नये म्हणून आम्ही तो गाळला होता. दुसऱ्यांस पापनिवेदनास बसविणाऱ्याने स्वतःची वजाबाकी इतक्या सहजतेने करावी!

पुढच्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर आम्ही त्या बाईस गाठले व सांगितले, “बाई, मागे आम्ही खोटे बोललो. आम्ही कधीमधी घेतो. परवाच घेतली.”

ती हसली नाही, रागावलीही नाही. “कसली?” तिने विचारले.

आम्ही सांगितले. किती वर्षे मुरते, कशी पिंपे बदलतात, तेही सांगितले. तिने किंमत विचारली. आम्ही चाचरत ती सांगितली. तिने मागे रचलेल्या कच्च्या विटांच्या थराकडे पाहिले.

“म्हंजे किती हजार इटा झाल्या, फादर?”

हिशेब आम्हांस ठाऊक होता. तोंडातून शब्द निघाला नाही. ती स्वतःच पुढे म्हणाली, “तुमाला सावकाश पिता येते. माज्या नवऱ्याला रातच्या तीनला उठून इटा पाडायच्या असतात. तो कवा सावकाश पिनार?”

आम्ही बरेच ग्रंथ वाचले, पण दोन दारूंमधील भेद इतका नेमका कोणी सांगितला नव्हता. आमच्या पेल्यातील मद्य त्याच्या पेल्यातील मद्याहून बहुधा जहालच असेल. पिंपास वर्षे मिळाली आणि आम्हांस संध्याकाळ मिळाली, म्हणून ते आमच्या जिभेवर मनुका होऊन उतरले. त्यास रात्रीचे चार तास मिळतात. तेवढ्यात अंगाचे दुखणे विसरावयाचे असते. याने त्याची दारू चांगली ठरत नाही. त्या बाईच्या अंगावरील वळ आम्ही पाहिले आहेत. परंतु ‘दारू सोड’ एवढेच सांगून आमचे काम संपते, ही समजूत मात्र त्या संध्याकाळनंतर टिकली नाही. भट्टीवरील उचल कशी फिटते, हजारी विटांचा दर कोण ठरवितो, हे आम्ही आता विचारू लागलो आहोत. उत्तरे देणारे थोडे आहेत आणि आमच्या प्रश्नांनी काही मंडळी नाराजही झाली आहेत.

रोह्याच्या स्नेह्यांनी उरलेली बाटली आमच्याकडे पाठविली. ती टिपणांच्या कपाटातच ठेवली आहे. गेल्या महिन्यात धर्मग्रामात व्यसनमुक्तीचा रविवार होता. प्रवचनात आम्ही त्या टिपणातील दोन्ही वाक्ये सांगितली, आधी पहिले. आणि ते आजवर का सांगितले नव्हते, हेही सांगितले.