मारुंजीच्या माळावरची पदवी

हिंजवडीच्या लक्ष्मी चौकातून मारुंजीकडे वळले की शहर संपल्यासारखे वाटते आणि दोन-तीन मिनिटांत पुन्हा सुरू होते. एका अंगाला उंच निवासी संकुले, दुसऱ्या अंगाला नांगरून ठेवलेले शेत, त्याच्या बांधावर घरांच्या जाहिरातीचा फलक. गाव मुळशी तालुक्यातले. पण तेथील माणसांचा बाजार आणि नोकरी हिंजवडी-वाकडकडे, पिंपरी-चिंचवडकडे. पलीकडे कासारसाईचे धरण आणि गहुंजेचे क्रिकेट मैदान.

माझी भाची येथे तीन मैत्रिणींसह भाड्याच्या घरात राहून पर्यटन व समारंभ व्यवस्थापन या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेते. दादांचे सांगलीस भांड्यांचे दुकान. मुलीने निवडलेला विषय ऐकून त्यांनी एवढेच विचारले होते, ‘‘मांडव घालायला पदवी कशाला लागते?’’ प्रश्न रोखठोक होता आणि अगदीच गैर नव्हता. आपल्याकडे पंचकल्याणक पूजा असो वा लग्न, गावातील चार जाणती माणसे उभी राहिली की कार्य पार पडते. त्यांना कोणी प्रमाणपत्र दिलेले नसते.

त्याचे उत्तर मला मारुंजीच्या माळावरच मिळाले. ३ जानेवारी २०१६ रोजी याच परिसरातील मोकळ्या जमिनीवर राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचा ‘शिवशक्ती संगम’ झाला. लाखाहून अधिक माणसे एका दिवसासाठी एका गावाच्या शिवारात आली आणि परत गेली. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, १५ ते १८ जानेवारीस, पिंपरीत ८९वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. पुढच्याच महिन्यात बागलाणातील मांगीतुंगी येथे भगवान ऋषभदेवांच्या १०८ फुटी मूर्तीचा प्रतिष्ठा महोत्सव झाला. तिन्हींचा विचार वेगळा आणि श्रोता वेगळा. परंतु पाणी किती लागेल, शौचालये कोठे असावीत, वाहने कोठे थांबतील, म्हातारे माणूस चक्कर येऊन पडले तर रुग्णवाहिका कोणत्या वाटेने आत येईल, हे प्रश्न तिन्ही ठिकाणी तेच. भाचीच्या अभ्यासात नेमके हेच असते. येण्याची वाट आणि जाण्याची वाट वेगळी का हवी. एका जागेला एका वेळी किती माणसे झेपतात, ज्याला ही मंडळी ‘वहनक्षमता’ म्हणतात. पोलीस, अग्निशमन दल आणि ग्रामपंचायत यांच्या परवानग्यांचा क्रम कोणता. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकास बंदी असताना कार्यक्रम कसा आखायचा. चेंगराचेंगरीची बातमी वाचताना आपण हळहळतो. ही मुले त्या जागेचा नकाशा मागवून वाट कोठे अरुंद झाली ते शोधतात.

या शास्त्राच्या जन्मकथेचे मला फार नवल वाटते. ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडमध्ये टॉमस कुक नावाच्या गृहस्थाने लेस्टरहून लफबरोपर्यंत एक खास आगगाडी नेली. माणशी एक शिलिंग भाडे आणि सुमारे पाचशे प्रवासी. निघाले होते कोठे? मद्यपानविरोधी मेळाव्याला! आज ज्या व्यवसायाचे नाव काढताच वडीलधाऱ्यांना पेल्यांचा किणकिणाट ऐकू येतो, त्याची पहिली सहल दारू सोडा म्हणून सांगणाऱ्यांची होती. ही गोष्ट मी दादांना मुद्दाम दूरध्वनीवर सांगितली. ते हसले, पण बधले नाहीत.

कारण त्यांची खरी काळजी वेगळी आहे, आणि ती मला नाकारता येत नाही. समारंभाचे काम रात्रीचे. पाहुणे निघून गेल्यावर मांडव उतरतो, पहाटे दुसरा चढतो. सायंकाळी पाचपासून दहापर्यंत तर मान वर करायला सवड नसते. आमच्या घरात रात्रिभोजनत्याग तीन पिढ्यांचा. पहिल्या सत्रात एका मोठ्या कार्यक्रमाच्या सरावावर असताना सूर्यास्त होऊन गेला, तेव्हा भाची रात्रभर उपाशी राहिली आणि घरी कळवलेही नाही. मैत्रिणीकडून कळले तेव्हा वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले. दादा म्हणाले, ‘‘शिकवण मोडली नाहीस याचा आनंद मानू, की पोरगी उपाशी राहिली याचे दुःख करू?’’

भाचीने यावर तक्रार केली नाही, तोड काढली. पुढच्या वेळी तिने कामाच्या वेळापत्रकातच सायंकाळी साडेपाच ते सहा अशी सर्व स्वयंसेवकांच्या जेवणाची वेळ घातली. आधी सगळ्यांनी नाके मुरडली. मग ध्यानात आले, की पूर्वी रात्री अकराला थंड अन्न खाणारी मुले आता पाहुणे येण्याआधी पोटभर जेवून उभी राहतात. ती सवय तेथे टिकली. मात्र प्रत्येक ठिकाणी हे जमेल असे तीही म्हणत नाही. नोकरीत वेळापत्रक दुसऱ्याच्या हाती असेल, आणि तेथे काय करायचे हे अजून ठरलेले नाही.

सध्या ती अंतिम वर्षाच्या प्रकल्पात गुंतली आहे. मावळात, कामशेतजवळच्या पाले गावाच्या डोंगरात एक लहानसे लेणे आहे. तेथील ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख अरहंतांना नमन करून सुरू होतो, आणि इंदरखित नावाच्या भदंताने हे लेणे व पाण्याची पोढी करविल्याचे सांगतो. महाराष्ट्रातील अतिप्राचीन जैन लेखांत त्याची गणना होते. कार्ला-भाजे पाहायला दरवर्षी गर्दी लोटते. पाल्याच्या या लेखाचे नाव आपल्यापैकी किती घरांत माहीत आहे? तेथे लोकांना न्यावे, पण लेण्याला धक्का लागू नये, असा आराखडा तिला करायचा आहे.

तिच्या वहीत मी तो पाहिला. एका गटात वीसच माणसे. आत जाताना पाचांहून अधिक नाहीत. अक्षरांना हात लावायचा नाही, पोढीच्या काठावर बसायचे नाही. वाट दाखवायला गावातीलच माणूस आणि त्याचे मानधन आधी. जेवण गावातील घरांतून, कंदमुळे वर्ज्य करून. पावसाळ्यात सहल बंद. पहाटे साडेसहाला प्रस्थान, आणि परतीच्या रकान्यात घड्याळाची वेळच नाही. तेथे लिहिले आहे, ‘सूर्यास्तापूर्वी एक तास’. पहिल्या गटाच्या यादीत सर्वांत वर तिने दादांचे नाव घातले आहे. त्यांना अजून विचारलेले नाही.