व्हाउचर आणा!

ज्ञान वाटण्याच्या बाबतीत आमचे कडेगाव पहिल्यापासूनच उदार. एस. टी. स्टँडवर तुम्ही फक्त विट्याची गाडी किती वाजता एवढेच विचारा. गाडीची वेळ सोडून बाकी सगळे कळेल. गाडी निघून जाईपर्यंत.

त्यामुळे कुणीही यावे, लिहावे आणि दुसऱ्याचे खोडावे असा ज्ञानकोश निघाला आहे, याचे गावाला काही वाटले नाही. वाटले ते मला. कोश म्हटले की माझ्यापुढे डॉ. श्री. व्यं. केतकर उभे राहतात. या गृहस्थांनी ज्ञानकोशासाठी चक्क लिमिटेड कंपनी काढली आणि 23 खंड पुरे केले. आम्हां कॉमर्सवाल्यांना हे विशेष भिडते. ज्ञानाचे शेअर खपवायचे, आणि तेही मराठी माणसाला! पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी विश्वकोशाला बसले. 1976 साली पहिला खंड निघाला. तिथे नोंदीखाली लिहिणाऱ्याचे नाव असते. म्हणजे सही आली. सहीवाचून पैसा हलत नाही हे ज्याच्या रक्तात भिनले आहे, त्याला असा कारभार पटतो.

आणि 2001 साली हा विकिपीडिया आला. मराठीत 1 मे 2003 पासून. ना पद, ना पगार. (बिनपगारी मराठी माणूस दुसऱ्याचे शुद्धलेखन सुधारत बसतो, एवढे मात्र मला लगेच खरे वाटले. त्यासाठी तो पदरचे चार पैसेही घालील.)

पण पुतण्याने पान उघडून 'इतिहास पहा' दाबले आणि मी खुर्ची पुढे ओढली. अहो, ही तर खातेवही! कुणी कोणता शब्द घातला, कुणी काढला, सगळे तारीखवेळेसह. मी नोकरीला लागलो तेव्हा कागदी लेजरे माळ्यावर गेली होती, पण त्यांचा नियम खालीच राहिला होता: चुकले तर रेघ मारा, बाजूला सही करा, रबर लावू नका. इथेही तेच. शिवाय बिनपुराव्याच्या वाक्याला शेपूट लावतात, 'संदर्भ हवा'. म्हणजे, व्हाउचर आणा!

आणि इथेच आमचे घोडे अडले. आमच्या तालुक्यात देवराष्ट्रे इथे 1913 साली यशवंतराव चव्हाण जन्मले, या वाक्याला पोतेभर व्हाउचरे मिळतात. पण पुतण्याने घेतले होते कडेगावच्या मोहरमचे उंच ताबूत. मानकऱ्यांत हिंदू घराणीही आहेत, भेटींना माणूस लोटतो, हे वर्तमानपत्रांतून सापडले. बांधणीचे काय? ते गल्लीतल्या चाचांना ठाऊक.

चाचा म्हणाले, "कळसापासनं सुरू करायचं आन् खाली यायचं. कामट्या दोऱ्यानं बांधायच्या. गाठ मारायची न्हाई."

वरून खाली फक्त हेड ऑफिसचे सर्क्युलर येते, असा माझा आजवर समज होता.

"चाचा, याला पुरावा?" पुतण्याने विचारले.

"पुरावा? ह्यो काय म्होरं बसलाय की!"

हा पुरावा चालत नाही. मागे एक वार्ताहर याच चाचांकडे आला, चहा प्याला, उंची लिहून घेऊन गेला. ती छापून आली आणि पुरावा झाली. जग काळ्याचे पांढरे करते. इथे पांढऱ्यावर काळे केले की काम झाले. दोऱ्याचा पेच विचारायला मात्र त्याला सवड नव्हती. चाचांचे हात आता कापतात. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. मोहरमला येतो, फोटो काढतो आणि रात्रीच्या गाडीने परत जातो.

"गाठ नाही, मग सुटत कसे नाही?" मी विचारले.

"ते सांगून कळत न्हाई. हे धर." त्यांनी माझ्या हातात दोरा दिला. व्हाउचरांचे गठ्ठे बांधण्यात माझी उमर गेली, पण तासाभरात मला एक कामटी साधली. ती पुतण्याने उचलल्याबरोबर सुटली.

तेव्हा आता चाचांचे बोलणे मी इथे छापून ठेवले आहे. पुस्तक निघाले की पुतण्याने खुशाल पानाचा आकडा टाकावा. चाचांना हा बेत सांगितला.

"आन् तुझ्या पुस्तकाला पुरावा काय?"

"तुम्ही."

"मग एवढा कागद कशापायी?" म्हणाले, आणि कामटी पुन्हा माझ्या हातात दिली.