कावेरीच्या वाटची वाक्यं

वि. वा. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आलं. त्यातले म्हातारे नट गणपतराव बेलवलकर, म्हणजे आप्पा, झाले होते डॉ. श्रीराम लागू. माझी आणि आप्पांची ओळख मात्र पुस्तकातली. कॉलेजात असताना दार लावून मी त्यांची स्वगतं मोठ्याने वाचायची. बाकीची पात्रं जणू आप्पांना दम घेता यावा म्हणूनच होती. मुलगा, सून, लेक, जावई सगळे कृतघ्न, असा निकाल केव्हाच लागलेला.

लग्नानंतर ते पुन्हा वाचलं तेव्हा दोन खोल्यांत आम्ही सासू-सासऱ्यांसकट पाच माणसं राहत होतो. आता शारदा दिसायला लागली. पोरीच्या कानावर काय पडतंय याचा घोर लागलेली, घर सावरता सावरता कावलेली सून. नलूचाही तो प्रसंग. पैसे सापडत नाहीत आणि लेक बापावरच संशय घेते. तिचा राग मला आजही येतो. पण नवऱ्यापुढचा संकोच, माहेरच्या माणसांमुळे रोज थोडं थोडं खाली जाणं, हे सगळं साठत साठत तिच्या तोंडून ते कसं निघालं असेल, ते कळतं. कळलं म्हणून राग जातोच असं नाही, आणि जायलाच हवा असंही नाही.

आप्पांच्या बायकोपाशी, कावेरीपाशी पोहोचायला मात्र पन्नाशी उजाडली. आईच्या आजारपणात रात्री जागताना पुस्तक उशाशी असायचं. आप्पा तिला ‘सरकार’ म्हणतात. पण घरदार मुलांना देऊन टाकायचा निर्णय आप्पांचा, आणि त्याच्यामागून चालणं सरकारांच्या वाट्याला. नाटक बघताना नजर आप्पांवरून हलत नाही, त्यांचा आवाज सगळं थिएटर भरून टाकतो. छापील पानावर मात्र तिचं लहानसं वाक्यही त्यांच्या स्वगताएवढ्याच टायपात असतं. तिथे बोट ठेवून हवं तितकं थांबता येतं.

हल्ली मी कधी कधी स्वगतं ओलांडून फक्त तिचीच वाक्यं वाचत जाते. एका वाक्यापासून पुढच्या वाक्यापर्यंत ती गप्प असते, तेव्हा तिच्या मनात काय चाललं असेल? काळजी, माया हे तर सहज सुचतं. पण ती चिडलीही असेल. सुनेवर नाही, लेकीवर नाही, आप्पांवर. हे मनात आल्यापासून मला पहिला अंक पूर्वीसारखा वाचता येत नाही.