लाकडाच्या मोबदल्यात छाटणी

संपादकांनी मागितला होता तो लेख घराभोवतीच्या झाडांची निगा कशी राखावी यावर. खत किती, पाणी केव्हा, असं काही लिहून देता आलं असतं; पण आवारातली मोठी झाडं खतावाचून मरत नाहीत. बंगल्यातला आंबा किंवा सोसायटीतला गुलमोहर, रेन ट्री खचतो तो फार वेळा छाटणीमुळे, आणि छाटणी वाईट होते ती तिचा व्यवहारच वाईट असतो म्हणून. पावसाळ्याच्या तोंडावर कोयता-करवत घेऊन येणारा माणूस मजुरी कमी सांगतो, कारण लाकूड तो घेऊन जाणार असतो. म्हणजे काय कापायचं हे ज्याच्यावर सोपवलं, त्याची कमाई जाड फांदीत. वाळलेल्या काटक्या, एकमेकींना घासणाऱ्या दोन बारीक फांद्या, वायरीला टेकलेला शेंडा, हे काढून त्याच्या हाती काही लागत नाही. मांडीएवढी निरोगी फांदी उतरवली की टेम्पो भरतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. सौदा आपणच तसा केलेला असतो, आणि वर स्वस्तात काम झालं म्हणून शेजाऱ्याला त्याचा नंबरही देतो.

जाड फांदीला एवढं का जपायचं? झाडाचं उघडं पडलेलं लाकूड पुन्हा पूर्ववत होत नाही. झाड त्या भागाभोवती आतून अडसर उभे करून कूज कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत तोंड बुजवत आणतं. अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शायगो (1930–2006) यांनी चेनसॉने हजारो झाडं उभी चिरून हे दाखवून दिलं. त्यांच्या मांडणीत असे चार अडसर आहेत. खोडाच्या लांबीच्या दिशेचा सर्वांत कच्चा, म्हणून कूज वर-खाली झपाट्याने पसरते. जखमेनंतर तयार झालेल्या नव्या लाकडाच्या सीमेवरचा सर्वांत पक्का, म्हणून आतून पोकळ झालेलं झाडही बाहेरच्या कड्यावर वर्षानुवर्षं उभं राहतं. हे अडसर उभारायला जिवंत पेशी लागतात. बारीक फांदीत त्या भरपूर असतात; जाड फांदीच्या मधल्या, जुन्या लाकडात जवळजवळ नसतात. तांत्रिक तपशील इथेच थांबवतो, पण एवढं कळलं की मनगटाएवढा काप आणि मांडीएवढा काप यांत नुसता आकाराचा फरक नाही, हे लक्षात येईल.

काप कुठे घेतला हेही तितकंच महत्त्वाचं. फांदी खोडातून निघते तिथे तळाशी किंचित फुगीर कडं असतं आणि वरच्या बेचक्यात सालीची सुरकुतलेली वळी असते. काप त्या दोहोंच्या लगेच बाहेर हवा. वजनदार फांदी एका झटक्यात तोडली की ती खाली येताना खोडाची साल सोलत नेते. म्हणून आधी खोडापासून वीतभर लांब खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडं पुढे वरून, आणि उरलेला ठोंब शेवटी कड्याशी. काप योग्य असेल तर वर्षभरात जखमेभोवती मेदूवड्यासारखी गोल, सलग कड येते. खोडाला घासून सपाट कापलं असेल तर कड फक्त डाव्या-उजव्या बाजूला येते आणि वर-खाली चिरा उघड्या राहतात. कारागिराची परीक्षा करायची तर त्याने वर्षापूर्वी छाटलेलं झाड बघायला मागा. त्यापुढे कुठल्याही प्रशस्तिपत्राची गरज नाही.

कापावर काय लावायचं, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि सर्वांत जास्त छळतो. डांबर, ऑइल पेंट, शेण, फेव्हिकॉल, जे हाताशी असेल ते लोक फासतात. शायगो आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1977 मध्ये रेड मेपल आणि अमेरिकन एल्म या झाडांवरच्या चाचणीचे पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. लेप लावल्याने कूज थांबली नव्हती. लेपाखाली ओल राहते, लेपाला तडे जातात, आणि मालकाला मात्र उपचार केल्याचं समाधान मिळतं. यावर फळबागवाले म्हणतात की जुन्या आंब्याचं पुनरुज्जीवन करताना बोर्डो पेस्ट लावतातच. लावतात, आणि त्या मोठ्या कापांवर बुरशी व किडीचा हल्ला रोखायला ताम्रयुक्त लेप लावण्यामागे निदान काही विचार आहे. शिवाय शायगोंची झाडं थंड प्रदेशातली. आपल्या चार महिन्यांच्या ओल्या हवेत तीच उत्तरं तंतोतंत लागू होतील असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण डांबर आणि ऑइल पेंट यांच्या बाजूने मला आजवर एकही पटणारा पुरावा दिसलेला नाही.

'झाड बोडकं केलं तरी दोन महिन्यांत परत हिरवंगार होतं की', हा नेहमीचा आक्षेप. होतं, कारण पानं गेल्यावर झाड साठवलेलं अन्न खर्चून धुमारे फोडतं. ते सालीलगतच्या थरात रुजलेले असतात, आणि त्यांच्या खालीच कूज उतरत असते. बोडकं केलेलं झाड पहिल्या पावसाळ्यात हलकं असतं हे खरं. पुढच्या तीन-चार वर्षांत मात्र त्याच ठोंबांवर दाट, कच्च्या जोडाच्या फांद्यांचा भार येतो, आणि मग त्या मोटारींवर पडतात. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: कोकणात राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, ऐन-किंजळाची कवळ दरवर्षी तोडतात, तरी झाडं जगतात. जगतात, पण तिथे कोवळ्या, बारीक फांद्या पुन्हा पुन्हा त्याच जागी तोडल्या जातात, आणि झाडाखाली शेत असतं, मुलांची खेळायची जागा नसते. वादळात उन्मळण्याचं म्हणाल, तर शेंड्याआधी पायाकडे बघा. पोसणारी मुळं बहुतांशी वरच्या हात-दीड हात मातीत असतात, आणि ड्रेनेजच्या चरात नाहीतर पेव्हर ब्लॉकखाली आपण तीच संपवलेली असतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचं 1 मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं. मोठ्या झाडाला तेवढंही अपुरंच.

आपल्याकडे वृक्षतज्ज्ञाला डॉक्टर-वकिलासारखी सक्तीची नोंदणी नाही, त्यामुळे कुणीही पाटी लावू शकतो. अमेरिकेत 1924 साली सुरू झालेल्या इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चरची परीक्षा दिलेली मोजकी माणसं भारतात आहेत, पण परीक्षा न दिलेला जाणकार माळीही चालेल. बुंध्याशी उगवलेली कडक अळंबी, खोडातून गळणारा भुसा, बेचक्यातली चीर, हे तो कापायच्या गोष्टी काढण्याआधी बघतो का, ते पाहा. काटेरी बूट घालून जिवंत झाडावर चढणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. झाड आपल्या आवारात असलं तरी महाराष्ट्राचा 1975 चा शहरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा त्याला लागू आहे. मुंबई-पुण्यात फांदी छाटायलाही महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते, आणि 2021 च्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसावृक्ष ठरतं. परवानगी मिळाली म्हणजे छाटणी बरोबर होईल असं मात्र नाही. कापायला मुभा आहे एवढंच तो कागद सांगतो; काप कुठे घ्यायचा हे त्यावर लिहिलेलं नसतं.

म्हणून यंदा कुणालाही बोलावण्याआधी दोन कामं वेगळी करा. काय काढायचं हे एकाने सांगावं, त्याचे पैसे द्यावेत, आणि त्याचा लाकडाशी काडीचाही संबंध नसावा. तोडणाऱ्याशी दर ठरवताना लाकूड आवारातच राहील हे आधी लिहून घ्या, आणि एका हंगामात पाव भागाहून जास्त पालवी उतरणार नाही हेही. मजुरी दुप्पट सांगितली जाईल. ती द्या.