घातलेलं खत कात्रीनं खाली



शेडनेट बघायला आलेला माणूस पहिलं विचारतो, "खताचं वेळापत्रक द्या भाऊ." ते लिहून झालं की मग विचारतो, "छाटणी कशी करायलाव?" दोन्ही वहीच्या वेगवेगळ्या पानावर लिहून नेतो. माझं म्हणणं असं की ढोबळी मिरचीत ही दोन कामं वेगळी नाहीत. वेगळी धरली की पैसा कुठं जिरला ते शेवटपर्यंत कळत नाही.

आपल्या भागात २०१८ पासून पोकरातून बरेच शेडनेट उभे राहिले. भोकरकडं कापूस, सोयाबीन, हळद ही आपली सवयीची पिकं. मी दहा गुंठ्यांत इंद्रा लावली, महालक्ष्म्या झाल्यावर. पहिलंच साल. पण छाटणी म्हणजे काय हे आपल्याला कापसानं आधीच शिकवलेलं आहे, फक्त आपण तिला छाटणी म्हणत नाही. दादा लाड यांचं कापसाचं तंत्र ज्यांनी केलं त्यांना माहीत आहे: बुडातली गळफांदी वेळेवर काढायची, झाड पुरेसं उंच झालं की शेंडा खुडायचा. गळफांदी जेवण खाते अन् बोंड उशिरा देते, फळफांदी थेट बोंड देते. तुरीचा शेंडा खुडतो तो मात्र उलट्या कारणानं, फांद्या वाढाव्यात म्हणून. मिरची कापसाच्या बाजूची.

झाड आठ-दहा पानांचं झालं की त्याला चिमटा फुटतो, म्हणजे दोन फांद्या, कधी तीन. त्या बेचक्यात पहिलं फूल येतं. ते काढायचंच. लई जणांचा हात थांबतो, पहिलं फळ लक्ष्मी वाटतं. पण ते फळ बेचक्यात अडकून वाकडं होतं अन् वरची वाढ अडवून बसतं. चिमट्याच्या खालचे सगळे फुटवे काढायचे. तीन फांद्या असतील तर बारीक ती काढायची. दोन ठेवायच्या, सुतळीवर चढवायच्या. पुढं प्रत्येक पेरावर पुन्हा दोन फुटतात, एक जोमदार, एक मरतुकडी. जोमदार चालू द्यायची. मरतुकडीला एक-दोन पानं ठेवून शेंडा खुडायचा. ती पानं कामून ठेवायची ते पुढं सांगतो. काही जण चार फांद्या ठेवतात. फळं जास्त, आकार बारीक. मोठ्या बाजारात बारीक मालाला कुणी वळून बघत नाही.

हे आठ-दहा दिवसांनी करावंच लागतं. पंधरा दिवस गेले तर जिथं नखानं खुडलं असतं तिथं कात्री लागते, जखम मोठी होते, अन् बायांची मजुरी दुप्पट. काम सकाळी, दहिवर वाळल्यावर. अजून एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कुणी राग मानू नये: तंबाखू मळलेला हात मिरचीला लावू द्यायचा नाही. तंबाखूतला मोझॅक विषाणू हातावरून मिरचीत जातो. दाराशी साबण अन् पाण्याची बादली ठेवा, बायांना अन् गड्यांनाही. रोगट झाड सगळ्यात शेवटी हाताळायचं.

आता खताचं. दुकानातून छापील वेळापत्रक मिळतं, सुरुवातीला १९:१९:१९ अन् १२:६१:००, फळं लागली की १३:००:४५ अन् ००:००:५०. ग्रेड बरोबर आहेत, मात्रा कुणाच्या जमिनीवरून काढली ते त्या कागदावर लिहिलेलं नसतं. आपली काळी भारी जमीन, त्यात बेड भरताना शेणखत घातलेलं. बोअरचं पाणी जड. माझ्या पाण्याचाच ईसी एकच्या आसपास आहे. त्यावर कागदाप्रमाणं खत ओतलं तर मुळाला खारं होतं, अन् नत्र जास्त गेलं तर झाड नुसतं माजतं.

म्हणून मी दसऱ्यानंतर दोन बेड वेगळे केले, व्हॉल्व्ह होताच. त्यांना नत्राचं खत निम्म्यावर आणलं, पालाश तेवढाच ठेवला. बाकी बेड कागदाप्रमाणं. छाटणीच्या दिवशी बायांना सांगितलं, काढलेलं गव्हाणीत नाही, घमेल्यात टाका, बेडागणिक वेगळं. कागदाप्रमाणं चाललेल्या बेडातून दोन घमेली भरून निघायचं, निम्म्या नत्राच्या बेडातून एकही पुरतं भरत नव्हतं. फळांत फरक दिसला नाही. एक मावशी म्हणाली, "भाऊ, एवढं हिरवं घालूनशानी तोडायलाव कामून?" बरोबर बोलली. विद्राव्य खताचं पोतं घ्यायचं, ड्रिपनं पाजायचं, आठव्या दिवशी मजुरी देऊन तेच खुडून घमेल्यात टाकायचं. दोनदा पैसा. दिवाळीनंतर सगळेच बेड त्या दोनच्या मागं आणले.

ह्याचा दुसरा फायदा फळाच्या बुडाला दिसला. ढोबळीत बुडाला पाणीदार डाग पडतो, मग तो काळा होऊन चामड्यासारखा होतो. दुकानात सांगतात कॅल्शियम फवारा. पण कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर चालतं, अन् पाणी जास्त ओढतं ते पान, फळ नाही. झाड माजलेलं असलं की जमिनीतलं कॅल्शियम पानांत जातं, फळ उपाशी राहतं. आपल्या काळ्या जमिनीत चुना कमी नसतो. कमी असतो तो पाण्याचा नेम. लाईट कधी दिवसा, कधी रात्री; दोन दिवस कोरडं अन् तिसऱ्या दिवशी धो धो, मग डाग येणारच. मी टाकी उंचावर घेतली, रोज थोडं पाणी जाईल एवढी. कॅल्शियम नायट्रेट देतो, पण वेगळ्या दिवशी. सल्फेट किंवा फॉस्फेटच्या खताबरोबर एकाच टाकीत घातलं की खाली पांढरा गाळ बसतो अन् ड्रिपर बंद. ते साफ करण्यात हंगाम जातो.

आता ती ठेवलेली पानं. नव्या माणसाला छाटणी जमायला लागली की त्याचा हात थांबत नाही. झाड मोकळं, सुरेख दिसतं, फोटो चांगला येतो. पण फळावर पान राहिलं नाही तर नेटखालीही ऊन लागतं. फळाची एक बाजू पांढरी, कागदासारखी होते, नंतर तिथंच बुरशी. आपल्याकडं फेब्रुवारी सरता सरताच ऊन टोचायला लागतं. तेव्हा संक्रांतीनंतर मी फक्त फुटवे अन् जमिनीला टेकलेली, पिवळी झालेली पानं काढणार. वरच्या पानाला हात लावणार नाही.

सध्या थंडीची फळं चपटी, बटणासारखी येत आहेत. ते खतानं सुधारत नाही, रात्रीचा गारवा आहे तो. त्यासाठी कुणी टॉनिक घेऊ नये. अशी फळं लहान असतानाच काढून टाका, जोर पुढच्या फुलांना जातो.

ज्यांचे नेट चालू आहेत त्यांनी पुढच्या छाटणीला दोन बेडाची घमेली मोजून आकडा खाली लिहा. जमीन हलकी का भारी, बोअर का विहीर, तेही लिहा. सुधा प्रकल्पाच्या पाण्यावर कुणाचं असेल तर त्यांचा ईसी मला पाहिजेच आहे. थ्रिप्सवर पुढच्या आठवड्यात लिहितो, आज निळे सापळे बदलायचे आहेत.