खिशातलं पान

तालुक्याच्या वाचनालयातल्या एका पुस्तकाचं पान मी फाडलं होतं. सातवीत असताना. एरवी पुस्तकाचा कोपरा दुमडला तरी मला चुटपुट लागायची, पण त्या गोष्टीनं नादच तसा लावला होता.

गोष्ट जयंत नारळीकरांची, ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. ट्रकची धडक बसते आणि इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा मुंबईत पोचतात, जिथे १७६१ सालचं पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे. कसं जिंकलं ते बघायला ते टाउन हॉलमधलं एशियाटिकचं ग्रंथालय गाठतात. (इतिहासाच्या माणसाला दुसरं काय सुचणार?) तिथल्या बखरीत विश्वासरावांना गोळी लागलेलीच नसते, नुसती कानाला चाटून गेलेली असते. परतल्यावर हे सांगितलं तर लोक वेड्यात काढतील. पण पंतांच्या खिशात त्या बखरीचं एक फाटकं पान उरलेलं असतं.

काटेकोर बोलायचं तर पंत काळात मागेही जात नाहीत नि पुढेही; जग तेवढं वेगळं असतं. सातवीत हा फरक कोण करतो? मला ते पान हवं होतं.

आजीच्या गोष्टीत असं काही नसायचं. ककुद्मी राजा आपल्या लेकीला, रेवतीला घेऊन तिच्यासाठी स्थळ विचारायला ब्रह्मदेवाकडे जातो, गंधर्वांचं गाणं संपेपर्यंत थांबतो, आणि तेवढ्यात खाली २७ चतुर्युगं उलटतात. बिचारे रिकाम्या हातानं परत येतात, आणि इकडे ओळखीचं कुणी उरलेलं नसतं. पुढे कॉलेजात एच. जी. वेल्सचं ‘द टाइम मशीन’ वाचलं, १८९५ सालचं. ८,०२,७०१ सालातून आलेल्या त्या प्रवाशाच्या खिशातून दोन पांढरी फुलं निघतात, वीना नावाच्या मुलीनं ठेवलेली. ते यंत्र कसं होतं ते मला आज धड सांगता येणार नाही. फुलं मात्र आठवतात.

तर, पान फाडलं आणि खाकी हाफ पँटच्या खिशात घातलं. बेत असा, की शंभरेक वर्षं मागे गेलो की ते काढून दाखवायचं, मी पुढून आलोय म्हणून. जायचं कसं ते ठरलं नव्हतं, पण पुरावा तयार होता. शनिवारी आईनं पँट धुतली, नेहमीसारखी दगडावर आपटून. संध्याकाळी खिशातून लगदा निघाला. त्यात एक ‘श्वा’ तेवढा वाचता येत होता.

मध्ये बरीच वर्षं गेली. भाचा अकरावीत गेला, तेव्हा त्याच्या इंग्रजीच्या पुस्तकात हीच गोष्ट निघाली, ‘द अ‍ॅडव्हेंचर’ नावानं.

“मामा, बखर त्यांनी डाव्या खिशात ठेवली असं आहे इथे. मराठीतपण डावाच का?”

मला आठवेना. दिवाळीत गावी गेलो, तेव्हा मुद्दाम वाचनालयात डोकावलो. प्रत तीच होती, वरून जाड पुठ्ठा घालून पुन्हा बांधलेली. पान अर्थातच नव्हतं. मागच्या चिठ्ठीवर माझ्यानंतर १२ तारखांचे शिक्के होते. एवढ्या जणांनी गोष्ट घरी नेली, वाचली, आणि पंतांच्या खिशातून काय निघालं ते त्यांना कळलंच नाही.